चर्चचं थिएटर झालं आणि तिथे भूत आहे म्हणतात, आमच्या नाटकासाठी मदत हवी

नेपथ्यवाला_मालवण

नमस्कार मंडळी. मालवणजवळच्या एका हौशी ग्रुपमध्ये मी नेपथ्य बघतो. यंदा राज्य नाट्यच्या हौशी स्पर्धेला नवीन दोन अंकी संहिता घेऊन उतरायचं चाललंय. गोष्ट अशी की एका जुन्या चर्चचं थिएटर झालेलं आहे, तिथे रात्री तालमी चालू असतात आणि कलाकारांना हळूहळू जाणवायला लागतं की आपण इथे एकटे नाही. कल्पना सुचली ती लेखकाच्या भाच्यामुळे. तो ग्लासगोला शिकतो, त्याने तिथल्या ट्रॉन थिएटरचे फोटो पाठवले, म्हणाला हे आधी चर्च होतं आणि इथे भूत आहे असं लोक सांगतात.

अडलंय कुठे, तर आमच्या दिग्दर्शकाला पहिल्या अंकाच्या शेवटी भिंतीवरचा क्रूस आपोआप उलटा होऊन पडलेला दाखवायचाय, लाल लाइट, मोठा आवाज, पडदा. मला ते मनापासून पटत नाही. आमच्या प्रयोगाला वाडीतली ख्रिश्चन घरं सगळी येतात, त्यातली दोन पोरं आमच्याकडे म्युझिक ऑपरेट करतात, त्यांच्या देवाची जागा म्हणजे भुताची जागा असं दाखवून टाळ्या घ्यायच्या हे बरं नाही वाटत. पण नुसतं नको म्हणून भागत नाही, तालमीत त्याच्याऐवजी काहीतरी द्यावं लागतं ना. तर कोणाला त्या ट्रॉनचा खरा इतिहास माहीत असेल तर सांगा, आणि रिकाम्या थिएटरमध्ये जे आवाज होतात, जे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेत, ते का होतात तेही कोणी नीट समजावून सांगा. मला सेट त्या हिशोबाने उभा करायचाय.

---

रत्नागिरीहून_दूर

ट्रॉनबद्दल मी सांगू शकते, नोकरीनिमित्त ग्लासगोत राहिले आहे आणि ट्रॉनगेट नावाच्या त्या रस्त्यावरून जाणं-येणं असायचं. चर्चचा मनोरा अगदी फुटपाथवरच उभा आहे, खाली कमान आहे आणि लोक त्या कमानीतून बाजाराच्या पिशव्या घेऊन आरपार जातात. पहिल्यांदा बघणाऱ्याला कळतही नाही की आत नाटकाचं थिएटर आहे.

इतिहास तुमच्या लेखकाला आवडेल असाच आहे. मूळ चर्च सोळाव्या शतकातलं, १५२० च्या दशकात कॅथलिक चर्च म्हणून सुरू झालेलं. नंतर स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा झाली, कॅथलिक पद्धत गेली, इमारत काही काळ पडून राहिली आणि शतकाच्या शेवटी प्रॉटेस्टंट लोकांनी ती प्रार्थनेसाठी घेतली. तो मनोरा त्याच सुमाराचा, त्याचं टोक सतराव्या शतकात पुरं झालं. मग फेब्रुवारी १७९३ मध्ये आग लागून चर्च जळालं. सांगतात असं की शहरातल्या काही श्रीमंत घरच्या तरुणांचं टोळकं होतं, स्वतःला हेलफायर क्लब म्हणवून घ्यायचे, ते दारू पिऊन रात्री तिथल्या खोलीत शिरले, शेकोटी पेटलेली होती, आणि नरकातली उष्णता कोण किती सहन करतो ते बघू म्हणून आगीत लाकडं घालत गेले. आग हाताबाहेर गेली, सगळं चर्च जळलं, मनोरा तेवढा वाचला. पुढच्या एक-दोन वर्षांत जेम्स ॲडम या वास्तुविशारदाच्या आराखड्यावर नवीन चर्च बांधलं, आजचं थिएटर त्या नव्या इमारतीत आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका थिएटर क्लबने ते घेतलं, तेव्हापासून नाटकं चालू आहेत.

भुताबद्दल म्हणाल तर तिथल्या लोकांत गोष्टी आहेत, पण एक ठराविक भूत, त्याचं नाव, त्याची कहाणी असं मी काही ऐकलेलं नाही. भूत आहे एवढंच सांगतात. जवळच, त्याच रस्त्यावर, ब्रिटानिया पॅनॉप्टिकन म्हणून जुना म्युझिक हॉल आहे, स्टॅन लॉरेल, म्हणजे लॉरेल-हार्डीमधला लॉरेल, १९०६ साली पोरसवदा असताना तिथे पहिल्यांदा स्टेजवर उभा राहिला. त्या हॉलबद्दलही भुताचं सांगतात.

दिग्दर्शकांना माझ्याकडून एवढं सांगा की आग लावणारी माणसं जिवंत होती, चांगल्या घरची होती आणि मजा म्हणून आली होती. मला तर त्या उलट्या क्रूसापेक्षा या गोष्टीने जास्त काटा येतो. चर्चने कोणाचं काही केलं नव्हतं, चर्चवरच अन्याय झाला होता.

---

साउंडचा_माणूस

आवाजाचं मी सांगतो, या धंद्यात बरीच वर्षं गेलीत आणि कोकणातल्या बहुतेक नाट्यगृहांत, मंगल कार्यालयांत, शाळांच्या पटांगणात स्पीकर लावलेत.

आधी साधी गोष्ट. दिवसभर तापलेलं छप्पर संध्याकाळनंतर थंड होतं आणि आकुंचन पावतं. पत्रा असेल तर टण्ण असा आवाज येतो, लाकडी वासे-तुळया असतील तर कट्ट करून वाजतात, आणि हे एकदम होत नाही, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे होत जातं, म्हणून वर कोणीतरी चालत गेल्यासारखं वाटतं. आपल्याकडे पावसात लाकूड पाणी पितं आणि दिवाळीनंतर सुकायला लागतं, त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात जुन्या स्टेजच्या फळ्या रात्री जास्त बोलतात, नेमका तोच स्पर्धेचा आणि तालमींचा सीझन. त्यात कौलाखाली उदमांजर असतं, आमच्याकडे कांडेचोर म्हणतात, त्याचं पाऊल माणसासारखं जड वाजतं. आणि गव्हाणी घुबड, ज्याला पांढरं हृदयाच्या आकाराचं तोंड असतं ते, जुन्या इमारती, मनोरे, माळे ही त्याची आवडती जागा. उडताना पंखांचा आवाज शून्य, आणि ओरडतं तेव्हा बाईने किंचाळी फोडल्यासारखं. ज्याने एकदा अंधारात तसं पांढरं तोंड डोक्यावरून गेलेलं बघितलं त्याला भूत नाही म्हणून कोणी पटवू नये.

आता थिएटरचं. माणूस बोलतो ते स्पष्ट कळायला हॉलमध्ये आवाज सेकंदभरात विरायला हवा. दगडी, उंच छताच्या चर्चमध्ये तो तीन-चार सेकंद, मोठ्या चर्चमध्ये त्याहून जास्त घुमतो. समूहगानाला ते फार सुंदर वाटतं, पण संवाद सगळे एकमेकांवर चढतात. म्हणून चर्चचं थिएटर करताना पडदे, गाद्यांच्या खुर्च्या, लाकडी पॅनल, कार्पेट असं आवाज पिणारं बरंच काही आत घालावं लागतं. तरी सगळ्यात जास्त आवाज पितं ते प्रेक्षकांचं अंग आणि कपडे. म्हणजे तोच हॉल प्रयोगाला वेगळा वाजतो आणि रात्री बाराला तालीम संपल्यावर वेगळा. तुम्ही विंगेत काहीतरी ठेवता आणि आवाज मागच्या रांगेतून परत येतो, मेंदूला वाटतं तिकडे कोणीतरी आहे. हे मी कित्येक नटांच्या चेहऱ्यावर बघितलंय, बोलता बोलता एकदम अंधाऱ्या खुर्च्यांकडे बघतात.

अजून एक किस्सा आहे, खरा आहे, छापून आलेला आहे. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला विक टँडी नावाचा इंजिनियर एका लॅबमध्ये काम करायचा, तिथे लोकांना उगाच भीती वाटायची, थंड वाटायचं, एकदा त्याला स्वतःला नजरेच्या कडेला करडी आकृती दिसली, वळून बघितलं तर काही नाही. दुसऱ्या दिवशी तलवारबाजीचं पातं शिकंज्यात पकडून ठेवलं होतं ते आपोआप थरथरायला लागलं. शोध घेतला तर नव्याने बसवलेल्या एक्झॉस्ट फॅनमुळे खोलीत साधारण १९ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला एकोणीस कंपनांची, आवाजाची लाट उभी राहत होती. माणसाला साधारण २० हर्ट्झच्या खालचं ऐकू येत नाही, पण अंगाला कळतं. फॅनची बसवणी बदलली आणि भूत गेलं. १९९८ साली त्याने यावर लेख लिहिला. सगळे शास्त्रज्ञ हे मानतात असं नाही, पण जुन्या हॉलमधला ब्लोअर किंवा जनरेटर चालू असताना पोटात जे कालवतं ते मी अनुभवलंय.

तुमच्या प्रयोगासाठी माझं म्हणणं, रेकॉर्डेड किंचाळ्या आणि दरवाज्याची करकर अजिबात वापरू नका, प्रेक्षकाला लगेच कळतं की स्पीकरमधून आलं. एक स्पीकर प्रेक्षकांच्या मागे बाल्कनीखाली ठेवा आणि नटाच्याच वाक्याचं शेवटचं दीड अक्षर तिथून अगदी हळू परत येऊ द्या, आणि तेही तिसऱ्या-चौथ्या प्रवेशापासून पुढे, सुरुवातीला नाही. लोक मागे वळून बघतील.

---

किल्ल्यापलीकडची

मी वसईची, ख्रिश्चन. नेपथ्यवाला, तुम्ही हा प्रश्न विचारलात याबद्दल आधी तुमचे आभार, बहुतेक ठिकाणी विचारतही नाहीत.

दिग्दर्शकांना एक गोष्ट माहीत असावी. चर्चची इमारत दुसऱ्या कामाला देताना आमच्यात ती तशीच सोडून जात नाहीत. कॅथलिक चर्च असेल तर बिशपना रीतसर निर्णय करावा लागतो की ही जागा आता उपासनेची राहिली नाही, आणि नियमातच लिहिलेलं आहे की तिचा वापर ओंगळ कामाला होऊ नये. वेदी काढतात, वेदीत संतांचे अवशेष असतील तर ते सन्मानाने हलवतात, पवित्र भांडी, मूर्ती दुसऱ्या चर्चला जातात. म्हणजे नाटकाचं थिएटर होईपर्यंत भिंतीवर मोठा क्रूस राहिलेला असणं हेच मुळात अवघड आहे. ट्रॉन तर स्कॉटिश प्रॉटेस्टंटांचं, त्यांच्याकडे मूर्ती, वेदी असं काही नसायचंच, मध्यभागी उंच व्यासपीठ, भोवती सज्जे, आणि सगळा भर प्रवचन ऐकण्यावर. ती इमारत माणसाचा शब्द ऐकायलाच बांधलेली होती, तिथे पुढे नाटक आलं हे मला फार साजेसं वाटतं. तुमच्या संहितेत तुम्ही कोणतं चर्च घेताय ते आधी ठरवा, कारण सेट त्यावर ठरेल. कॅथलिक घेतलंत तर भिंतीवर रिकामे कोनाडे दाखवा जिथे पूर्वी संत उभे होते, आणि क्रूस काढल्यावर भिंतीवर राहिलेला फिकट डाग. तो डाग मला बघवणार नाही, पण त्यात अपमान नाही.

आमच्या वसईच्या किल्ल्यात चर्चचे अवशेष आहेत, छप्पर गेलेलं, कमानी उभ्या, वडा-पिंपळाची मुळं भिंतीत शिरलेली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज गेले, मग हळूहळू ओसाड झालं. लोक तिथे फोटो काढायला येतात, भुताचे व्हिडिओ करतात, रात्री अमुक दिसतं म्हणून सांगतात. मला राग येतो. तिथल्या जमिनीत माणसं पुरलेली आहेत, थडग्यांचे कोरलेले दगड अजून पायाखाली आहेत. वसईचेच गोन्सालो गार्सिया, १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले, १८६२ साली संत झाले, त्यांचं नाव त्या किल्ल्याशी जोडलेलं आहे. माझी आजी आत शिरताना डोक्यावर पदर घ्यायची, छप्पर नसलं तरी. रेवदंड्याला सातखणी म्हणतात तो मनोरा बघितला असेल, तोही पोर्तुगीज चर्चचाच, समुद्रावरून लांबून दिसतो, त्याच्याकडे बघून कोणाला भूत आठवत नाही. तुमचं नाटक बघताना मला भीती वाटली तरी चालेल, पण घरी जाताना आपल्या लोकांना घाणेरडं दाखवलं असं वाटू नये. एवढंच मागते.

---

पेटाऱ्याजवळ

वरचा वाचून आत हललंय काहीतरी. ताई, बरोबर बोललात.

मी दशावतारवाल्या घरातलो. आमच्यात नाटक सुरू करण्याआधी पेटाऱ्याची पूजा होता, पेटारो म्हणजे ज्यात सोंगांचे दागिने, गणपतीचो मुखवटो असता. त्याका पाय लावूचो नाय, त्याच्यार बसूचा नाय. मग गाऱ्हाणा. ज्या गावात नाटक, त्या गावच्या देवाक, रवळनाथाक, बारा-पाचाच्या देवस्कीक, सीमेवरच्या राखणदाराक हाक मारून सांगूचा की आम्ही लेकरां हय खेळ करूक इलंव, रात्र सुखान जांव दे, काय चुकला-माकला तर पोटात घाल. सगळे म्हणतत व्हय म्हाराजा. मग पहाटेपर्यंत खेळ, आणि कोणाक भीती नाय.

आता सगळ्यांना नीट कळावं म्हणून प्रमाण भाषेत लिहितो. आपल्या कोकणात ज्याला मोकळ्या जागेत राहणारा म्हणतात तो दरवेळी वाईट नसतो. वेंगुर्ल्याजवळ आरवलीचा वेतोबा बघा. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, पण आरवलीत तो गावाचा बाप आहे. लोक त्याला केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. झिजलेल्या चपला देवळात बघितल्या की हसू येत नाही, हात जोडले जातात.

तर नाटकात असं का नाही की त्या थिएटरात जो कोणी आहे तो जागेची राखण करतोय? पूर्वी देवाची जागा होती तेव्हाही करत होता, आता नाटकाची आहे तरी करतोय. त्याची तक्रार एवढीच की हे नवे लोक आले, कोणी त्याला विचारलं नाही, कोणी हाक मारली नाही, सरळ खिळे ठोकायला लागले. तुमच्या नाटकात एक म्हातारा बॅकस्टेजवाला असू दे, मालवणी बोलणारा, जो शेवटी रिकाम्या हॉलसमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो. त्याला चर्चची रीत माहीत नाही, प्रार्थना येत नाही, त्याला जे येतं ते तो करतो. मी सांगतो, रत्नागिरीला असो की कुडाळला असो, हॉलमधून "व्हय म्हाराजा" आपोआप येईल, आणि त्यात ख्रिश्चन आवाजही असतील, कारण जत्रेला आमच्याकडे सगळेच असतात. फक्त गाऱ्हाणं लिहिताना एखाद्या जाणत्या गावकाराला, म्हणजे गावच्या मानकऱ्याला विचारा, उगाच कानावर पडलं ते जोडून लिहू नका, मानाचा क्रम असतो त्यात.

---

नेपथ्यवाला_मालवण

काय बोलू, काल रात्री हे सगळं दिग्दर्शकाला मोबाईलवर वाचून दाखवलं. पेटाऱ्याजवळ यांचं वाचताना तो मध्येच उठून बाहेर जाऊन उभा राहिला. क्रूस पडायचा प्रसंग काढला. चर्च कॅथलिकच ठेवतोय, कारण आमच्या भागातल्या प्रेक्षकाला ते ओळखीचं, आणि फिकट डागाची भिंत मी करणार, त्यासाठी रंग दोन-तीन हात देऊन मध्ये पुठ्ठ्याचा आकार लावून काढायचा विचार आहे. आगीची गोष्ट पहिल्या अंकात एका पात्राच्या तोंडी येईल, मात्र ती ट्रॉनचीच म्हणून सांगणार, आमच्या काल्पनिक चर्चला चिकटवणार नाही. गाऱ्हाण्याची कल्पना लेखकाने घेतली आहे, गावकारांशी बोलणं झालं की लिहायला बसेल. संगीतवाल्या पोरांनाही विचारलं, एक म्हणाला मी आईला तालमीला घेऊन येतो, तिने बघून सांगितलं तर झालं. मला ते फार आवडलं.

आता शेवटचा प्रश्न. दुसऱ्या अंकाची सुरुवात रात्री सगळे गेल्यावर रिकाम्या स्टेजवर होते. तिथे पूर्ण अंधार ठेवू की काही?

---

साउंडचा_माणूस

पूर्ण अंधार नको, एक दिवा ठेवा. परदेशात, अमेरिकेत विशेषतः, थिएटर बंद करताना स्टेजच्या मधोमध एका स्टँडवर एकच बल्ब जळत ठेवायची पद्धत आहे, त्याला घोस्ट लाइट म्हणतात. व्यवहारातलं कारण असं की सकाळी पहिला येणारा माणूस अंधारात वाद्यवृंदाच्या खड्ड्यात पडू नये. पण तिथले रंगकर्मी सांगतात की भुतांनाही रात्री आपलं नाटक करायला उजेड लागतो म्हणून. २०२० मध्ये कोविडमुळे थिएटरं बंद पडली तेव्हा कित्येकांनी तो दिवा मुद्दाम चालू ठेवला होता, आम्ही परत येणार हे सांगायला. आमची सगळी कामं तेव्हा ठप्प होती, ते फोटो बघून मला रडू आलं होतं.

लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरमध्ये तर करड्या झग्यातला, तीन कोपऱ्यांच्या टोपीतला एक माणूस वरच्या सज्जात भर दिवसा दिसतो म्हणतात, आणि तालमीच्या वेळी दिसला तर नाटक चालणार असं तिथले नट मानतात. त्याला घालवायचं कोणाच्या मनातही येत नाही. पेटाऱ्याजवळ म्हणतात तसा राखणदारच झाला की तो.

---

रत्नागिरीहून_दूर

दिव्याला माझंही मत. आणि अंक सुरू होताना लगेच कोणी बोलू नका, प्रेक्षकांना तो दिवा थोडा वेळ नुसता बघू द्या, तेवढ्यात मागच्या स्पीकरचं काम होईल. प्रयोगाची तारीख ठरली की इथे टाका, सुट्टी जुळली तर मी येते.

---

साउंडचा_माणूस

हो आणि दिव्याचं तांत्रिक राहिलं. साधा पिवळसर एलईडी, पाच ते सात वॅटचा पुरे, वरून तारेची जाळी लावा. डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या यंत्रावर, घेऊ नका, साधे एलईडी त्यावर लुकलुकतात आणि डिमरची गुणगुणही साउंडमध्ये येते, सरळ वेगळ्या पॉइंटवरून घ्या. वायर विंगेतून आणताना गॅफर टेपने पूर्ण लांबी चिकटवा, अंधारात नट त्याच वाटेने एंट्री घेतात. स्टँड लोखंडी असेल तर अर्थिंग तपासून घ्या, जुन्या हॉलच्या बोर्डवर विश्वास ठेवू नका, टेस्टर बरोबर ठेवा.